बारशाची कुंची जुन्या महेश्वरी साडीतून: मापं, अस्तर आणि गोळा होणारी टीप

नवी_सुई (इंदूर)
घरात जुनी महेश्वरी साडी आहे. मध्ये दोन ठिकाणी विरली आहे, काठ मात्र उत्तम. बारसं डिसेंबरात, म्हणजे थंडी असणार. तिच्यातून कुंची, दोन झबली आणि जमलं तर दुपटं शिवायचं आहे. प्रश्न असे:
कुंचीचं माप काय धरू? झबली याच साडीची केली तर चालतील का? अस्तराला काय घेऊ?
शिवाय पायमशीनवर या साडीच्या तुकड्यावर टीप घालून पाहिली तर कापड टिपेभोवती गोळा होतं, आणि सुरुवातीलाच सुईखालच्या भोकात ओढलं जातं. सुई १६ नंबरची आहे. दोरा नेहमीचाच.

उरेबपट्टी
झबली या साडीची नकोत. कारण सांगते. महेश्वरीत बहुतेक वेळा ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो. ताणा साडीच्या लांबीला जातो, आणि जुनं झालं की आधी रेशीमच दगा देतं. कापड लांबीच्या दिशेने दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणा. चर्र आवाज येऊन आडवी चीर पडली तर तो भाग बाद. मग उजेडासमोर धरून पाहा. निऱ्यांचा खालचा भाग आणि बसण्याची जागा सर्वांत विरलेली निघते. आत खोचलेलं टोक, पदराच्या अगदी विरुद्ध बाजूचं, जवळजवळ नवं असतं. कुंची तिथून काढा. फॉल लावला असेल तर तो आधी उसवून कापड धुवा, फॉलखाली धूळ आणि रंगाची रेघ असते.

कुंचीला दोन तुकडे. मापं साधारण सहा महिन्यांपर्यंत चालतील अशी देते:
टोपीचा भाग: १६ इंच लांब, ७॥ (साडेसात) इंच रुंद, अधिक काठाची रुंदी.
मागचा घोळ: २६ इंच रुंद, १५ इंच लांब.
दोन्ही तुकड्यांत लांबट बाजू काठाच्या दिशेने ठेवा. टोपीचा काठ चेहऱ्याभोवती आणि घोळाचा काठ खाली येईल. एकाच काठावर शेजारी-शेजारी कापले तर ४२ इंच, म्हणजे सव्वा मीटरच्या आत काम होतं. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच यातच धरला आहे. घोळाच्या खालच्या कडेला काठ तयारच असल्याने तिथे दुमड नाही.

महेश्वरीच्या काठाची खासियत अशी की तो दोन्ही बाजूंनी वापरता येतो. त्याला बुगडी म्हणतात. तुमच्या साडीचा तसाच आहे का, ते उलटून पाहा. असेल तर टोपीचा काठ बाहेरच्या अंगाला दुमडा. सुलटीसारखाच दिसेल आणि जरीचे धागे बाळाच्या कपाळाला लागणार नाहीत. तसा नसेल तर काठ कापून वेगळा करा आणि बाहेरून पट्टीसारखा लावा.

टोपी: १६ इंचाची बाजू मधोमध दुमडा, म्हणजे ८ इंच होईल. काठाच्या समोरची, ८ इंचाची बाजू शिवा. ती डोक्याची मागची शिवण. वर जे टोक येतं ते चपटं करून त्रिकोण धरा आणि दीड इंच रुंदीवर आडवी टीप घाला, नाहीतर शेंडी उभी राहते. (काही जणींना ती शेंडी आणि तिला गोंडा हवाच असतो. तो ज्याचा त्याचा प्रश्न.) टोपीची खालची कड आता शिवून १३ इंच भरते. घोळाची वरची कड दोन्ही बाजूंचे अर्धा-अर्धा इंच दुमडून २५ राहते. ती चुण्या घालून १३ वर आणायची.

अस्तर मलमलीचं. ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अर्धा मीटर पुरतं, घोळ आणि टोपी दोन्ही शेजारी बसतात. कापायच्या आधी मलमल रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. साडी आटायची तेवढी आटली आहे, मलमल नाही. न भिजवता लावलीत तर पहिल्या धुण्यातच बाहेरचं कापड फुगून सुरकुत्या धरेल. मांजरपाट (जाडं कोरं सुती कापड) नको, कांजी निघून मऊ व्हायला बरीच धुणी जातात.

दोन_सूत
टिपेबद्दल मी सांगतो. १६ नंबरची सुई जीन्सची. या कापडाला ९ किंवा ११, आणि नवी. बोथट सुई धागा बाजूला न सारता ओढते, म्हणून एक एक रेशमी धागा खेचला जाऊन आडव्या रेघा दिसतात. दोराही बारीक सुती घ्या.

मग टाका. २ मिलिमीटर ठेवा, म्हणजे इंचाला १२-१३. मोठ्या टाक्यात कापड आकसतं.

मग टेन्शन. वरून पाहिलं तर वरचा दोरा सरळ ताठ पडला आहे आणि खालच्याचे ठिपके वर दिसताहेत का? वरचं टेन्शन घट्ट आहे, अर्धा फेरा सोडा. खालून फासे दिसत असतील तर बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नसतो. दाबपट्टी (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून पुन्हा ओवा, ती खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात. बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) दोऱ्याने हवेत लटकवून पाहा: आपोआप घसरली तर सैल, झटका दिल्यावर इंचभर खाली आली तर बरोबर, जागचीच हलली नाही तर स्क्रू पाव फेरा सैल करा. पावच. एकदम फिरवू नका.

भोकात ओढलं जातं ते सुरुवातीला खाली आधार नसतो म्हणून. वर्तमानपत्र नको, शाई लागते. पतंगाचा कागद किंवा बटर पेपर खाली घालून शिवा, नंतर फाडून काढा. कडेपासून सुरू न करता पाव इंच आत सुरू करा. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून पहिले तीन टाके चाक हाताने फिरवून घाला.

नवी_सुई
११ नंबरची सुई आणि बटर पेपर, दोन्हीने फरक पडला. आता घोळाच्या चुण्या: एका बाजूला गर्दी आणि दुसरीकडे सपाट होतात. आणि झबल्याचं माप राहिलंच.

उरेबपट्टी
चुण्यांसाठी एकच ओळ नाही, दोन. कडेपासून पाव इंचावर एक आणि तिच्याखाली आणखी तीन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दुसरी. सर्वांत मोठा टाका, वरचं टेन्शन सैल, टोकं न बांधता. घोळाचे आधी चार सारखे भाग करून टाचण्या लावा, टोपीच्या खालच्या कडेचेही चार. टाचणीला टाचणी जुळवा आणि फक्त बॉबिनचे दोरे ओढा. प्रत्येक पाव भागात सव्वातीन इंच भरायला हवं, ते पट्टीने मोजा. अर्धा इंचावर पक्की टीप, मग दिसणारी चुण्यांची ओळ काढून टाका.

अस्तर टोपीला आणि घोळाला वेगवेगळं शिवून आधी तयार करा, मग सुलट बाजू समोरासमोर ठेवून जोडा आणि चुण्यांची शिवण अस्तराच्या आत बंद करा. मानेला ती जाड शिवण उघडी राहिली तर बाळ मान फिरवताना लाल ओरखडा उठतो.

झबलं मऊ मलमलीचं, तेही भिजवलेलं. कापड चार घड्या करून: एकूण रुंदी १७ इंच (बाह्या धरून), लांबी १२ इंच, छातीचा घेर २० इंच. मुंढा (बाहीची खाच) ४ इंच खोल. गळा रुंदीला ३॥, पुढे दीड इंच खोल, मागे पाऊण. पाऊण मीटरमध्ये दोन बसतात. समोरून पूर्ण उघडं ठेवा. गळा मोठा कापून डोक्यातून घालण्याच्या भानगडीत पडू नका, नवजात बाळाच्या डोक्याचा घेरच साधारण १४ इंच असतो आणि मान सावरलेली नसते. शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवा किंवा फ्रेंच शिवण: आधी उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप, एक सूत ठेवून बाकी कापा, उलटा आणि पुन्हा पाव इंचावर टीप.

गळ्याला उरेब पट्टी, सव्वा इंच रुंद, कापडाच्या तिरप्या रेषेवर कापलेली. सरळ कापडातून काढलीत तर गळा वळणार नाही, कॉलरसारखा उभा राहील. लावताना पट्टी किंचित ताणा. जास्त ताणली तर गळा आक्रसतो. तयार पाइपिन (बाजारात मिळणारी गळ्याची पट्टी) आणू नका, ती बहुधा चकचकीत पॉलिस्टरची मिळते.

पायमशीन
बंदांबद्दल एक. कुंचीला गळ्याशी लांब बंद लावतात, मला ते पटत नाही. पाच इंचापेक्षा लांब नको, आणि झोपवताना कुंची काढायचीच. टोपीच्या आत काही सरकलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. मणी, टिकल्या, घुंगरू नकोत, ते तोंडात जातात. गोंडा लावायचाच तर मागे, दोऱ्याने गाठ मारून पक्का. बारशाला टोपी सैल वाटली तर आत टोपरं घाला.

दुपट्याला साडीचा मधला भाग चालत नाही, विरलेला आहे. जुनी सुती साडी असेल तर तिचे तीन थर, ३६ बाय ३६. मधून कडेकडे कच्चे टाके घालत जा, उलट केलंत तर मध्ये फुगा येतो. मग इंच-इंच अंतरावर धावदोरा. सिंथेटिक साडी मधल्या थरालाही नको, घाम जिरत नाही.

नवी_सुई
इंदुरात मलमल कुठे बघू? नवा कपडा धुवायचा कसा?

दोन_सूत
शीतलामाता बाजारात किंवा एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये. मार्केटमध्ये थोक माल जास्त, अर्धा मीटर मागितलात तर सगळे देतीलच असं नाही. चिमटीत चुरगळून सोडा: पांढरी पूड बोटांना लागली तर कांजी आहे.
धुताना रिठ्याच्या पाण्यात थंडच, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. काठावरून इस्त्री फिरवताना वर पातळ सुती कापड ठेवा, तापलेली इस्त्री थेट लागली तर जरीचे धागे काळे पडतात.