‘इन्स्टिंक्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

गोऱ्हा_वर्धा: गावच्या शाळेसाठी पक्ष्यांवरचं एक पत्रक मराठीत करतोय. ‘इन्स्टिंक्ट’ला ‘उपजत प्रेरणा’ लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “वासरू उपजल्याबरोबर आचळ धुंडते, ते उपजत. सुगरण काय उपजल्याबरोबर खोपा इनते?” अडलो. खोपा विणतो नर, तोही वयात आल्यावर. गुण रक्तातला, पण दिसतो उशिरा. मग ‘उपजत’ चालेल का?

शुद्धलेखक: ‘प्रेरणा’ही काढा, पक्ष्याला कसली प्रेरणा? शाकुंतलाच्या पाचव्या अंकात तयार शब्द आहे, ‘अशिक्षितपटुत्व’. न शिकवता आलेली हुशारी. दुष्यंत तिथे उदाहरणही कोकिळेचंच देतो.

तुराटी: ते तो शकुंतलेला खोटी ठरवायला म्हणतो, हे सोयीनं विसरले तुम्ही. आन् चौथीच्या पोरांना ‘अशिक्षित’ म्हणजे अडाणीच वाटणार. आमच्याकडं सरळ म्हंतात, ‘मायवर गेला’. आमची गाय छत्री दिसली का बुजते, तिचा गोऱ्हाही तसाच. बंद छत्री चालते, उघडली का दावं तोडते.

शुद्धलेखक: दोघं एकाच गोठ्यात ना? मग मायवर गेला की मायजवळ शिकला? ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला.

कृषिकेंद्र: बरोबर! वाण म्हणजे जात. कपाशीचं वाण, तुरीचं वाण. म्हणजे म्हणच सांगते की स्वभाव जातीतून येत नाही, शेजारानं येतो.

शुद्धलेखक: साफ चूक. वर्ण वरून वाण, म्हणजे रंग. ढवळा पांढरा, म्हणून म्हण. बियाण्याचा अर्थ नंतरचा. आणि शेजाराचंच खरं असतं तर कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ काव काव करता.

तुराटी: मग संक्रांतीचं वाण कोणत्या रंगाचं?

शुद्धलेखक: तो शब्द वेगळा. वायन वरून.

कृषिकेंद्र: तुमचं प्रत्येक गोष्टीला ‘वरून’ असतं. दुकानात गिऱ्हाईक वाण मागते तेव्हा मी रंग दाखवू काय?

मोहफूल: भांडा, पण हे ऐका. बेल्यायेव नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं 1959 पासून नोवोसिबिर्स्कला रुपेरी कोल्हे पाळले. निवड एकाच गोष्टीवर, माणसाला न भिणारे तेवढे पुढच्या पैदाशीला. शिकवणं मुद्दाम टाळलं. काही पिढ्यांत कोल्हे शेपटी हलवत जवळ यायला लागले, आणि अंगावर पांढरे ठिपके, कान लोंबते! निवडला गुण, मागोमाग वाणही बदललं. म्हणीच्या बरोब्बर उलटं.

शुद्धलेखक: कोल्हे फरच्या फार्मवरचे होते. कित्येक पिढ्या पिंजऱ्यात. थोडी निवड आधीच झालेली असणार. पण वाण म्हणजे रंग, हे तुम्हीच सिद्ध केलंत, धन्यवाद.

गोऱ्हा_वर्धा: मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय. ‘अंगभूत’ लिहू का?

तुराटी: आमची गाय पुन्हा गाभण आहे. या खेपेला वासरू बहिणीकडं धाडतो, मंग समजंल मायवर जाते का शिकते.

मोहफूल: दूध तुटेस्तोवर मायजवळच राहील ना? तोवर छत्री पाहून घेईल.

तुराटी: छत्री लपवतो.

मोहफूल: ऐन श्रावणात?

तुराटी: पोतं घेतो डोक्यावर.