फेबुक्सोस्टॅट लगेच बंद करू नका

गाउटसाठी (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात तो आजार) जी फेबुक्सोस्टॅटची गोळी घेतात, ती 'हृदयाला घातक, आजच बंद करा' असं कोणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. २०१८च्या केअर्स चाचणीत गाउटच्याच ॲलोप्युरिनॉल या दुसऱ्या गोळीपेक्षा फेबुक्सोस्टॅटवर हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसले, २०१९मध्ये अमेरिकेत ठळक इशाराही आला. पण २०२०च्या फास्ट चाचणीत तसं आढळलं नाही. बदलायची की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

मला जास्त धास्ती कोल्चिसिनची, म्हणजे गाउटची सूज उतरवायला देतात त्या गोळीची. सासऱ्यांना डिल्टियाझेम (बीपी-हार्टची गोळी) चालू आहे, म्हणून अंगठा सुजला तेव्हा दादरच्या डॉक्टरांनी कोल्चिसिनचा डोस मुद्दाम कमी ठेवला. दोन्ही एकत्र घेतली की कोल्चिसिन अंगात साठतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच, आणि ते तर साध्या खोकल्यालाही लिहून देतात! केमिस्टकडून परस्पर डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणणं हार्टवाल्यांनी टाळावंच.