मदत जाईल म्हणून माणूस बचत करायला घाबरतो, हा दोष कुणाचा?

सावली:
गरिबांना मिळणारी सरकारी मदत तुटपुंजी असते, हे सगळेच म्हणतात. माझा राग मदत कशावरून बंद होते यावर आहे. अमेरिकेत वृद्ध आणि अपंग गरिबांसाठी दरमहा रोख मदतीची योजना आहे. राहतं घर आणि एक गाडी सोडली, तर एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक दिसली की तो अपात्र. ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. तेवढ्या काळात किमती दुपटीहून वर गेल्या. जोडप्याला मर्यादा ३,०००. म्हणजे दोन लाभार्थ्यांनी लग्न केलं की दोघांची मिळून मुभा हजाराने कमी! अडीअडचणीसाठी चार पैसे गाठीला बांधा, असं गरिबालाच सांगायचं आणि बांधले की हात आखडता घ्यायचा. मला हे क्रूर वाटतं.

तराजू:
मर्यादा जुनी झाली असेल तर वाढवा. पण मर्यादाच नको म्हणालात तर द्यायचं कुणाला? तिजोरीला तळ असतो. पडताळणी ढिली पडली की ज्याला गरज नाही तो आधी रांगेत येतो आणि खरा गरजू मागे राहतो. आयतं मिळालं की काम सुटतं, ही भीतीही अगदी खोटी नाही.

पायवाट:
फिनलंडने हे करून पाहिलं. २०१७ आणि २०१८ मध्ये २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले, कसलीही अट न घालता, काम लागलं तरी चालू. लोक घरी बसले नाहीत. रोजगार थोडा वाढला आणि मनावरचा ताण कमी झाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं.

तराजू:
थोडाच वाढला. शिवाय २०१८ मध्ये तिथे बेरोजगार भत्त्याचे नियमही बदलले, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं हे सांगता येत नाही. दोन वर्षांनी पैसे थांबणार हे माहीत असलेला माणूस नोकरी सोडेलच कशाला?

मातीचा दिवा:
पडताळणीचं कौतुक करणाऱ्यांनी नेदरलँड्सकडे पाहावं. मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी मदत घेणाऱ्या हजारो पालकांना तिथे लबाड ठरवलं. कुणाची एक सही राहिली होती, कुणाचा एखादा कागद कमी होता, आणि वसुली काढली वर्षानुवर्षांच्या सगळ्या रकमेची. त्यात परदेशी मुळाची कुटुंबं जास्त भरडली गेली. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला, पण तोवर कित्येकांची घरं मोडली होती. भीक नको पण कुत्रं आवर, असं त्या आईबापांना वाटलं असेल.

तराजू:
ते अक्षम्यच होतं. पूर्ण रक्कम मागण्याआधी माणसाने फाइल उघडून पाहायला हवी, हे मान्य. पडताळणी मात्र हवीच.

सावली:
पडताळणीला माझा विरोध नव्हताच. ब्रिटनमध्ये कमाई वाढली की मदत एकदम तुटत नाही, हळूहळू उतरते, हे मला पटतं. पण तिथेही नव्याने अर्ज करणाऱ्याला पहिल्या हप्त्यासाठी पाच आठवडे थांबावं लागतं. ज्याच्याकडे पाच दिवसांचं नाही, त्याला! मध्ये उचल मिळते, तीही कर्जच. पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. आणि कमाईतल्या ठरावीक रकमेला सूट असेल तर ती संपली की हातात पडलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स मदत घटते. कामावर जायचं भाडं उरलेल्या ४५ मधून.