‘एआय’ लॅपटॉपसाठी जादा पैसे मोजावेत का?

बी-३०४, सौ. कुलकर्णी : नमस्कार. चिरंजीवांना अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार ‘एआय पीसी’च घ्या म्हणून मागे लागला आहे आणि साध्या लॅपटॉपपेक्षा अठरा हजार रुपये जास्त सांगतो आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

ए-७०२, जोशी : वहिनी, ‘एआय पीसी’ हे लेबल हल्ली कशावरही चिकटवलेले दिसते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ ही एआय लॅपटॉपची श्रेणी जाहीर केली, तेव्हा निदान अटी तरी स्पष्ट होत्या : किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया (‘४० टॉप्स’) करणारा एनपीयू, म्हणजे एआयची आकडेमोड लॅपटॉपमध्येच करणारा खास प्रोसेसर. तुम्हाला दाखवलेल्या लॅपटॉपचा आकडा किती आहे, ते आधी विचारा.

सी-१०१, सौ. परांजपे : मुले प्रत्यक्षात वापरतात ते चॅटजीपीटी आणि जेमिनी. त्यांची आकडेमोड कंपन्यांच्या सर्व्हरवर होत असल्यामुळे त्यांना एनपीयू लागतच नाही. आमच्या आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवरही ती उत्तम चालतात. यजमानांच्या नव्या लॅपटॉपवर कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचे स्वतंत्र बटण आहे खरे, पण उजवीकडचे कंट्रोल समजून चुकून दाबले जाते, तेवढाच त्याचा वापर!

ए-७०२, जोशी : अगदी खरे. जानेवारी २०२६ मध्ये खुद्द डेलच्या अधिकाऱ्यांनीच मान्य केले की, सामान्य ग्राहक एआय पाहून संगणक घेत नाही, उलट त्याचा गोंधळच उडतो. शिवाय पडद्याची सतत छायाचित्रे टिपून ठेवणारी ‘रिकॉल’ ही सोय खासगीपणाच्या आक्षेपांमुळे मायक्रोसॉफ्टला जून २०२४ मध्ये पुढे ढकलावी लागली होती. मात्र व्हिडिओ कॉलमध्ये पार्श्वभूमी धूसर करण्यासारखी कामे एनपीयू कमी बॅटरीत करतो, हेही सांगायला हवे.

बी-३०४, सौ. कुलकर्णी : दाखवलेल्या लॅपटॉपमध्ये स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आहे. चालेल का?

ए-७०२, जोशी : बॅटरी छान टिकेल, पण ती एआरएम पद्धतीची, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेची चिप आहे आणि अभियांत्रिकीची काही सॉफ्टवेअर तिच्यावर अडखळतात किंवा चालतच नाहीत. त्यामुळे कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. १६ जीबी रॅमवर मात्र तडजोड नको, कारण अनेक लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही.

बी-३०४, सौ. कुलकर्णी : आभारी आहे. आगाऊ दोन हजार कालच देऊन बसले आहे. उद्या पावती घेऊन दुकानात जाते.