एडिसन ‘आपलं’, नेवार्क ‘त्यांचं’: ही वाटणी केली कोणी?

पिंपळपार

अमेरिकेत, न्यू जर्सीत घर शोधायला लागून चार महिने झाले. आमची एजंटबाई मोठी बोलघेवडी. तळघरात पाणी कुठून झिरपतं, छप्पर अजून किती वर्षं टिकेल, शेजारचा कुत्रा रात्री भुंकतो का, सगळं न विचारता सांगते. पण “या गावात राहतं कोण?” एवढं विचारलं की तोंडाला कुलूप. “ते मी सांगू शकत नाही, तुमचं तुम्ही बघा.” आधी वाटलं बाई भाव खातेय. मग कळलं, गिऱ्हाइकाचा वंश बघून त्याला एका वस्तीकडे वळवायचं नि दुसरीपासून तोडायचं, हे १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं बेकायदा आहे.

तिला जे करता येत नाही ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं अर्ध्या मिनिटात उरकलं. “एडिसन घे, आपलंच आहे.” “इझलिनपण चालेल.” “प्लेनफिल्ड? डोकं फिरलंय का?” (तिथे बहुतेक कृष्णवर्णीय नि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांच्या मुळाचे.) आणि नाशिकहून आई: “शेजारी आपली माणसं आहेत ना रे?”

मग जनगणनेचे आकडे काढून बसलो. २०२० मध्ये न्यू जर्सीची लोकसंख्या ९२ लाख ८९ हजार. हिस्पॅनिक नसलेले गोरे साधारण ५२ टक्के, हिस्पॅनिक साडेएकवीस, कृष्णवर्णीय साडेबारा, आशियाई दहा. राज्य म्हणून बघितलं तर झकास मिसळ. गावागणिक बघा, म्हणजे कळतं की फरसाण एका ताटात आहे, रस्सा दुसऱ्या. एडिसनमध्ये आशियाई निम्म्याहून जास्त आणि त्यात बहुतेक आपणच. नेवार्कमध्ये निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय, त्याखालोखाल हिस्पॅनिक, गोरे दहात एखादा. युनियन सिटीत दहातले आठ हिस्पॅनिक. ही सगळी गावं एकमेकांपासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर.

माझं मत सरळ सांगतो. ही वाटणी आपोआप झालेली नाही, आणि ‘आपलं आपलं’ करत आपण ती पुढे ढकलतोय. पटत नसेल तर बोला.

ओकट्रीकाका

नाही पटत. तुझ्या आईचा प्रश्न अगदी रास्त आहे, तूच उगाच लाजतोयस.

मी १९८४ ला आलो. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं इथलं दार शिकल्यासवरल्यांसाठी उघडलं. नोकऱ्या कुठे होत्या? बेल लॅब्जमध्ये, औषध कंपन्यांत. न्यूयॉर्कला जायचं तर जवळच्या मेट्रोपार्क स्टेशनवरून गाडी. मग माणूस राहणार कुठे? आम्ही एडिसनच्या ओक ट्री रोडवर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे बरेच गाळे बंद होते. एक किराणावाला आला, मग साडीवाला, मग सोनार, मग डोसा. कोणी गोऱ्यांना हुसकावून लावलं नाही. जिथे ताजी कोथिंबीर मिळते तिथे माणूस बिऱ्हाड करतो. नेवार्कच्या आयर्नबाउंड वस्तीत पोर्तुगीजांनी तेच केलं, त्यांच्या आधी इटालियनांनी. त्यांनी केलं की ‘वारसा’, आणि आपण केलं की ‘वाटणी’?

खडूस_नारायणपेठी

जागा दाखवायच्या आधी आडनाव विचारणाऱ्यांच्या गावातून गेलेली मंडळी नेवार्कवर चर्चा करताहेत. करमणूक झाली. चालू द्या.

रेघोट्या

काका, कोथिंबीर मान्य. पण तुम्ही आलात तेव्हा पाट आधीच मांडलेले होते. कुठला कोणाचा हे ठरून गेलं होतं.

विलिंगबरोची गोष्ट सांगतो, दक्षिणेकडे बर्लिंग्टन काउंटीतली. १९५८ मध्ये लेव्हिट कंपनीनं तिथे शेतजमिनीवर हजारो घरांची वसाहत उभारायला घेतली. घरांची कर्जं सरकारी हमीची, आणि कंपनीनं उघड सांगितलं की घरं फक्त गोऱ्यांना विकणार. एका कृष्णवर्णीय लष्करी अधिकाऱ्यानं दाद मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये निकाल दिला की सरकारी हमीवर उभ्या राहणाऱ्या घरांत असा भेदभाव चालणार नाही.

झालं, कृष्णवर्णीय कुटुंबं आली. मग गोऱ्यांच्या घरांपुढे ‘विकणे आहे’च्या पाट्या लागू लागल्या. एक पाटी बघून दुसरा घाबरणार, दुसऱ्याची बघून तिसरा. अशा वेळी काही एजंट मुद्दाम आग लावायचे, “भाव पडायच्या आत विका” म्हणून. गोऱ्याकडून पडेल भावात घ्यायचं नि कृष्णवर्णीयाला चढ्या भावात विकायचं, मधला मलिदा आपला. गावानं १९७४ मध्ये काय करावं? असल्या पाट्या लावायलाच बंदी! हेतू चांगला होता, पळापळ थांबावी. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये बंदी उडवली. खरी माहिती लोकांपर्यंत जाऊ न देणं हे भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे म्हणाले. आज विलिंगबरोत बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. फक्त गोऱ्यांसाठी बांधलेलं गाव, एका पिढीत उलटं झालं.

नेवार्कचं म्हणाल तर लोक १९६७ ची दंगल सांगतात. एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला पोलिसांनी मारहाण केली, शहर पाच-सहा दिवस पेटलं, २६ माणसं मेली. पण गोरे काही दंगलीच्या दुसऱ्या दिवशी उठून गेले नाहीत. सरकारी हमीचं स्वस्त कर्ज आणि नवे महामार्ग धरून ते पंधरा-वीस वर्षं उपनगरांत सरकतच होते. ती कर्जं गोऱ्याला मिळत, कृष्णवर्णीयाला नाही. तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर ज्या वस्त्या लाल रंगवल्या, तिथे बँका हात लावायच्या नाहीत. त्यामुळे एडिसनमध्ये तुम्हाला कर्ज मिळालं, हे तुमच्या कष्टाचं फळ आहेच. पण त्याच गावात वीस-पंचवीस वर्षं आधी घर घेऊन ठेवायची संधी नेवार्कच्या माणसाला नव्हती, हेही खरं.

ओकट्रीकाका

आम्हाला काय पायघड्या घातल्या होत्या? १९८७ ला जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी निघाली होती. डॉट म्हणजे आपल्या बायकांची टिकली. वर्तमानपत्राला पत्र पाठवून सांगितलं की रस्त्यात हिंदू दिसला की मारू. त्याच सप्टेंबरात होबोकनमध्ये नवरोज मोदीला बडवून बडवून मारलं. बँकेत नोकरी करणारा तरुण पोरगा. माझी बायको तेव्हा जर्सी सिटीला कामाला जायची. महिनाभर टिकली पर्समध्ये ठेवायची आणि ऑफिसात पोचल्यावर लावायची. पुढच्या वर्षी आम्ही एडिसनला आलो. तिथे चार घरांवर एक देसी घर होतं म्हणून आलो. तू याला वाटणी म्हण. आमच्यासाठी ती रात्रीची झोप होती.

पिंपळपार

काका, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी पहिली पोस्ट जरा जपून लिहिली असती.

जर्नलस्क्वेअर

जर्सी सिटीतून लिहितेय, न्यूअर्क अव्हेन्यूपासून दोन गल्ल्यांवरून. (न्यूअर्क म्हणा की नेवार्क, गाव वेगळं, रस्ता वेगळा. पत्ता सांगताना रोजचा घोळ.) काकांनी म्हटलं ते इथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत.

माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या आकड्यांवर भांडताय त्यामागचे वंशाचे खाने किती पक्के आहेत? १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या अमेरिकेत आलेल्या शीख माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नव्हे, म्हणून नागरिकत्व नाही. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात चक्क ‘हिंदू’ होतं, मग तो माणूस शीख असो की मुसलमान. १९७० ला आपल्याला गोऱ्यांत मोजलं. मग इथल्याच भारतीय संघटनांनी खटपट केली आणि १९८० ला ‘एशियन इंडियन’ हा वेगळा खाना आला. म्हणजे साठ वर्षांत आपला वंश तीनदा बदलला आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही. शेवटच्या वेळी मात्र आपणच मागणी केली, कारण अल्पसंख्य म्हणून संरक्षण हवं होतं. सोयीचं असेल तेव्हा खाना हवा, नसेल तेव्हा ‘आम्ही फक्त कोथिंबिरीसाठी आलो’!

आणि ‘एडिसन आशियाई’ म्हणजे नेमकं कोण? गुजराती, तेलुगू, चिनी, फिलिपिनो, मराठी, सगळे एकाच डब्यात. हिस्पॅनिक तर कागदोपत्री वंशच नव्हे, त्याचा प्रश्न वेगळा विचारतात. २०२४ मध्ये नियम बदलले, यापुढे दोन्ही एकाच प्रश्नात येणार, शिवाय अरब-इराण्यांना स्वतंत्र खाना. पुढच्या जनगणनेत न्यू जर्सीचे ‘गोरे’ कमी दिसले तर कुठे पळून गेले म्हणून शोधू नका.

हिशोबी

एवढी वंशावळ कशाला? सगळा पैशाचा खेळ आहे. ज्याला परवडतं तो चांगल्या शाळेच्या गावात जातो. माझ्या गल्लीत दोन कृष्णवर्णीय डॉक्टर राहतात, त्यांना कोणी अडवलं नाही. उलट एडिसनमध्ये आज कोणी अडवत असेल तर ते घरांचे भाव, आणि ते भाव आपणच जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलसाठी चढवलेत.

रेघोट्या

हिशोबी साहेब, अर्धं बरोबर बोललात. पण ‘परवडतं’ हेसुद्धा कोणीतरी ठरवतं. या राज्यात ५६४ नगरपालिका-टाउनशिपा आहेत, आणि बांधकामाचे नियम प्रत्येकीचे आपापले. घराला अमुक एकर जागा हवी, फ्लॅटच्या इमारती नकोत, एवढं लिहिलं की गरीब बाहेर. ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द लिहायचीही गरज नाही. माउंट लॉरेल गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना स्वस्त घरं बांधू देईनात, त्यावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल आहे. परवडणारी घरं बांधायला प्रत्येक वाढत्या गावानं आपला वाटा उचलला पाहिजे, असं त्यात म्हटलं. पन्नास वर्षं होऊन गेली, गावं अजून कोर्टात त्याच वाट्यावरून घासाघीस करताहेत. अशा इमारतीला विरोध करायला टाउनशिपच्या सभेत उभे राहतात ते सगळे गोरे नसतात. आपलेही असतात. ट्रॅफिक वाढेल म्हणतात.

आणि शाळा? मुलानं राहत्या गावाच्याच शाळेत जायचं असा नियम. गावं वाटलेली, म्हणून वर्गही वाटलेले. त्यावर २०१८ पासून राज्याविरुद्ध दावा चालू आहे.

हिशोबी

ट्रॅफिक खरंच वाढतो हो. सभेत मीही बोललो होतो. तेव्हा वंश डोक्यातही नव्हता.

जर्नलस्क्वेअर

तेच तर. डोक्यात असायची गरजच पडत नाही.

ओकट्रीकाका

बरं, मग पोरानं करायचं काय? चार महिने झालेत. व्याजाचा दर थांबणार आहे का?

पिंपळपार

शनिवारी सकाळी प्लेनफिल्डमध्ये एक घर बघायला चाललोय. जुनं व्हिक्टोरियन, पुढे मोठा ओटा, नाशिकच्या वाड्याची आठवण होईल असा. एडिसनच्या भावात तिप्पट जागा. बायको म्हणते, शाळेचं काय? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही आणि पोरगी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. आईला अजून सांगितलेलं नाही. काका, बरोबर येता का? जुन्या लाकडाचं तुम्हाला कळतं.

ओकट्रीकाका

येतो. आधी तळघर बघायचं, ओटा नंतर.