मदत हवी आहे: दार उघडलं की कुत्रा पळतो, लवकर उपाय सांगा

वैतागलेली_मी
डोकं फिरायची वेळ आली आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमचा बंड्या दार उघडलं रे उघडलं की पायांमधून निसटून बाहेर. हाक मारली की थांबतो, वळून बघतो आणि आणखी जोरात पळतो. काल रस्त्यापलीकडे गेला. एका गाडीवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. ट्रेनिंगचे व्हिडिओ बघून झालेत. 'बस' आणि 'हात दे' येतं त्याला, पण त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. नेमकं काय करायचं ते सांगा. 'प्रेमाने समजवा' छाप सल्ले नकोत. आगाऊ धन्यवाद.

शेपूटवाकडे
वय किती? नर असेल तर नसबंदी झाली आहे का? दार थेट रस्त्यावर उघडतं की मध्ये फाटक आहे? नुसतं 'पळतो' म्हटल्यावर कोण काय सांगणार?

कडकशिस्त
एवढी चौकशी कशाला? शॉक कॉलर घ्या. दोनदा झटका बसला की उंबरठ्याकडे बघणार नाही. चुलतभावाच्या कुत्र्यावर करून पाहिलेला उपाय आहे, शंभर टक्के लागू.

पट्टेवाला
@कडकशिस्त, झटका बसतो त्या क्षणी समोर जे दिसत असेल त्याच्याशी कुत्रा ते दुखणं जोडतो. दारात पाहुणा उभा असेल तर उद्यापासून पाहुण्यांवर दात काढेल. आणि भरात झटका सोसून बाहेर गेलाच, तर परत घराकडे यायला घाबरेल. वेल्समध्ये या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे, ती उगाच नाही.

कडकशिस्त
वेल्सचं वेल्सला लखलाभ. गाडीखाली जाण्यापेक्षा झटका परवडला.

मांजरमावशी
सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला अजिबात देऊ नयेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण नको. चॉकलेट जितकं गडद तितकं वाईट. शुगर-फ्री च्युइंगमचं पाकीट पर्समध्ये असेल तर पर्स उंचावर ठेवा, त्यातल्या झायलिटॉलने (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरते. आपल्या दुखण्यावरच्या गोळ्याही त्याला मनाने देऊ नका. असलं काही पोटात गेलं तर घरी ओकारी काढायच्या फंदात न पडता लगेच डॉक्टरांना फोन करा.

वैतागलेली_मी
@मांजरमावशी, माहिती चांगली आहे, पण बंड्या द्राक्षं खातो असं मी कुठे म्हटलं?
@शेपूटवाकडे, नर, नसबंदी झालेली. दाराबाहेर छोटं अंगण, फाटक असून नसल्यासारखं, येणारा-जाणारा उघडं टाकून जातो. आता सांगाल का?

शेपूटवाकडे
वय अजून सांगितलं नाहीत. असो. नसबंदी झाली आहे म्हणजे मादीच्या मागावर जाण्याचा भाग बहुतेक गेला. तसं नसतं तर आधी तेच सुचवलं असतं.

पट्टेवाला
शिकवणं नंतर, आधी वाट बंद करा. लहान मुलांसाठी जिन्यापाशी लावतात तसली जाळी मुख्य दाराच्या आत थोड्या अंतरावर लावा. एक अडथळा उघडा तर दुसरा बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना. कुणी आलं की आधी बंड्या जाळीमागे किंवा पट्ट्यात, मग कडी काढायची. शिकवणं चालू असताना एकदा जरी पळायला मिळालं तरी केलेलं पाण्यात, कारण बाहेर हुंदडायला मिळणं हेच त्याचं बक्षीस.

मग जागा ठरवा. दारापासून लांब एक चटई. तिच्यावर चारही पाय आले की खाऊ. हे जमलं की तो चटईवर असताना तुम्ही फक्त कडीला हात लावायचा, तो हलला नाही तर खाऊ. मग कडी काढायची, मग दार बोटभर उघडायचं. उठला तर दार बंद. ओरडायचं नाही, पुन्हा मागच्या पायरीवर. घंटा वाजवून सराव सगळ्यात शेवटी, कुत्र्याचं डोकं फिरतं ते घंटेनेच.

नवशिका_नाही
चटई वगैरे ठीक, पण हाक मारल्यावर येत नाही हे खरं दुखणं आहे. पळून परत आल्यावर रागावता का? आंघोळीला, नखं कापायला 'ये' म्हणूनच बोलावता का?

वैतागलेली_मी
रस्त्यावरून धरून आणल्यावर आरती ओवाळायची का? आणि हो, नखांसाठी तसंच बोलावतो, दुसरं कसं बोलावणार?

नवशिका_नाही
मग तो कुत्रा शहाणा आहे हो! 'बंड्या, ये' म्हणजे काहीतरी नकोसं होणार हे त्याला पाठ झालंय. तो शब्द आता गेला. नवा शब्द घ्या किंवा शिट्टी. घरात, काही काम नसताना शिट्टी वाजवायची आणि त्याचा सगळ्यात आवडता खाऊ, एरवी कधीच न मिळणारा, द्यायचा. घरात पक्कं झालं की अंगणात लांब दोरीवर. दहा मीटरची चालेल, पण ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवती घालायच्या पट्ट्याला, बांधा. कॉलरला बांधलीत तर धावताना मानेला हिसका बसतो. नखांसाठी बोलवायचं नाही, आपण उठून त्याच्याकडे जायचं.

शेपूटवाकडे
आणि सुटलाच तर मागे धावू नका, ही पहिली गोष्ट सांगायला हवी होती. उलट्या दिशेला पळा, आनंदाने ओरडा, खाली बसा, जमिनीत काहीतरी सापडल्यासारखं करा. लोक हसतील, हसू देत. गाडीत बसायची आवड असेल तर गाडीचं दार उघडून धरा, कित्येक कुत्री स्वतःहून येऊन बसतात.

वैतागलेली_मी
इथे प्रश्न आहे. नवरा रोज संध्याकाळी त्याच्याशी घरात पकडापकडी खेळतो. चप्पल घेऊन बंड्या पुढे, हा मागे. बंद करायला लावू?

पट्टेवाला
आजच. नाहीतर खेळ उलटा करा, नवरा पुढे आणि बंड्या मागे.

वैतागलेली_मी
सांगून बघते. आणखी एक, फिरवताना पट्टा असूनही सुटतो. मागे मागे सरकतो आणि मान काढून घेतो. काल रस्त्यावर गेला तो असाच.

शेपूटवाकडे
अहो, म्हणजे काल दारातून पळाला नव्हता! हे आता सांगताय?

वैतागलेली_मी
पळाला ना पण. दारातूनही पळतो. अजून नवीनच आहे तो घरात, निवाऱ्यातून आणलाय, चार-पाच वर्षांचा असेल म्हणाले.

पट्टेवाला
मग चित्रच बदललं. मोठा कुत्रा, नवं घर, तो घाबरूनही पळत असेल. सध्या कॉलर आणि हार्नेस दोन्ही घाला, दोन्हींना पट्टा जोडा. एकातून निसटला तरी दुसरं हातात राहतं. कॉलर आणि मान यांत दोन बोटं जावीत, जास्त नाही. डोकं मानेपेक्षा बारीक असेल तर मार्टिंगेल कॉलर घ्या, मागे ओढलं की ती थोडी आवळते आणि ठरावीक मापावर थांबते. हार्नेस असा हवा की पुढच्या पायांमागेही पट्टी येईल. आपोआप गुंडाळणारा लांब पट्टा रहदारीत नको. कॉलरवर फोन नंबरचा बिल्ला आजच लावा.

कडकशिस्त
मायक्रोचिप बसवा ना, कुठे गेला ते मोबाईलवर दिसेल. एवढा उपद्व्याप कशाला?

शेपूटवाकडे
दिसत नाही हो. चिपला बॅटरीच नसते. स्कॅनर जवळ धरला तर नुसता क्रमांक मिळतो, त्याच्यासमोर तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला हवा. तुम्ही म्हणताय तो जीपीएस ट्रॅकर, तो वेगळा आणि त्याला चार्ज करावं लागतं. चिप जरूर बसवा, निवाऱ्याने बसवली असेल तर नोंद तुमच्या नावावर करून घ्या.

वैतागलेली_मी
चिप आहे की नाही ते विचारते. जाळी मागवली. नवरा म्हणतोय पकडापकडी नाही तर दोरीची ओढाओढी खेळू का?

नवशिका_नाही
खुशाल खेळा. फक्त 'सोड' म्हटल्यावर सोडलं तरच पुन्हा सुरू, आणि सोडल्याबद्दल खाऊ. तेच 'सोड' रस्त्यावर काही उचललं तर कामाला येईल.

मांजरमावशी
रस्त्यावर उचलण्यावरून आठवलं, शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

वाचनमात्र_होतो
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण पिल्लू आहे तर लसीचे सगळे डोस होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन जग दाखवा. दात येताना चप्पल चावतातच, काळजी नसावी.