महिन्याचा किराणा, दूध, गॅस सगळंच क्रेडिट कार्डावर टाकावं का?

चिंचवडची_सून:

नमस्कार मंडळी, प्रश्न साधा आहे पण दोन महिने डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतेय. घरात पाच माणसं, सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. घरखर्च महिन्याला बावीस हजारांच्या आसपास, त्यात किराणा, दूध, भाजी, गॅस, लाईट बिल, मुलांच्या वह्या असं सगळं आलं, घराचा हप्ता आणि शाळेची फी वेगळी. आत्तापर्यंत पद्धत अशी होती की पगार झाला की मी पैसे काढून आणायचे आणि सासूबाईंच्या जुन्या स्टीलच्या डब्यांत वाटून ठेवायचे. दूध, वाणी, भाजी आणि गॅस-लाईट असे चार डबे, झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवलेली. वाण्याचा डबा रिकामा झाला की त्या महिन्यात काजू-बदाम बंद, एवढा सरळ हिशोब.

जूनमध्ये ह्यांचं क्रेडिट कार्ड आलं, लिमिट १ लाख ८० हजार, माझ्या नावाने अ‍ॅड-ऑन कार्डपण आलं. ह्यांचं म्हणणं की खर्च तर होणारच आहे मग कार्डाने करू, एक टक्का कॅशबॅक मिळतो आणि पैसे दीड महिन्याने द्यायचे. रूपे कार्ड आहे म्हणून यूपीआयला पण जोडलं. पहिला महिना फार छान वाटला कारण पगार जवळजवळ तसाच खात्यात पडून होता, मग मिक्सर घेतला, रेनकोट घेतले, गावी जाऊन आलो. १४ ऑगस्टला बिल आलं २८,६४० रुपये, ते भरलं कसंबसं. आता १४ सप्टेंबरचं बिल आलंय ३१,००० रुपये, गणपतीचा खर्च त्यातच आहे, आणि खात्यात आहेत १९ हजार. भरायची तारीख ३ ऑक्टोबर, १ तारखेचा पगार आला की त्यातून हप्ता आणि फी जाणार. बिलावर खाली 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून १,५५० लिहिलंय, हे म्हणतात आत्ता तेवढे भरू, बाकीचे पुढच्या महिन्यात बघू, बँकच तशी सोय देते. मला ते बरोबर वाटत नाहीये पण का बरोबर नाही ते ह्यांना सांगता येत नाहीये. आणि दुसरं म्हणजे, आम्ही उधळपट्टी केलेली नाही हो, मग सहा-नऊ हजार जास्त गेले कुठे?

हिशोबी_काका:

ताई, मी बँकेत तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आधी १,५५० चं बोलू कारण ते तातडीचं आहे.

मिनिमम भरलं की उशिराचा दंड लागत नाही आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, थकबाकी म्हणून जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. व्याज मात्र चालू होतं. तुमच्या ३१,००० मधून १,५५० गेले की उरले २९,४५०. बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतो, पावणेचार धरा. महिन्याचं व्याज झालं १,१०४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १९९. म्हणजे तुम्ही १,५५० भरले आणि जवळजवळ १,३०० व्याजापोटी परत चढले. आणि हा आकडा मी कमीच धरलाय, कारण पूर्ण बिल भरलं नाही तर व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही.

याहून वाईट गोष्ट अशी की बाकी राहिली की पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत पण जाते. म्हणजे ४ ऑक्टोबरला तुम्ही कार्डाने तेलाचा डबा आणला तर त्यावर त्या दिवसापासून व्याज. हे लोकांना माहीतच नसतं, मी काउंटरवर किती जणांना समजावलंय त्याची गणती नाही, माणसं हातात स्टेटमेंट घेऊन उभी असायची आणि म्हणायची मी तर दर महिन्याला भरतोय मग रक्कम कमी का होत नाही.

पावणेचार टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला ४५ टक्के. यावर कायद्याने काही मर्यादा असेल असं कोणी म्हणालं तर सांगतो, २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती, पण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा तिकडून आधार नाही.

आता पैसे गेले कुठे. कुठे गेले नाहीत ताई, ते जुलैमध्येच खर्च झाले. तुमचं बिल १४ ला बनतं. १५ जुलैला घेतलेला किराणा १४ ऑगस्टच्या बिलात येतो आणि पैसे ३ सप्टेंबरला द्यायचे, म्हणजे ५० दिवस. १३ ऑगस्टला घेतलेल्याला फक्त २१ दिवस. तर जुलैचा किराणा घरात आला, खाऊन झाला, पण त्याचे पैसे खात्यात दिसत राहिले आणि शिल्लक वाटले. त्यातून मिक्सर आला. ते बावीस हजार जुलैच्या घरखर्चाचे होते. आता दर महिन्याचा पगार मागच्या महिन्याचं बिल भरतोय आणि चालू महिना पुन्हा कार्डावर. ह्या एका महिन्याच्या खड्ड्यात नवी कार्डवाली जवळजवळ सगळी घरं एकदा पडतात.

रात्रपाळी_नाशिक:

काकांनी लिहिलंय ते मी भोगलंय म्हणून सांगते. आमच्याकडे कार्ड घेताना फॉर्मवर ऑटो-पे ची टिक होती, एजंटने भरून घेतला, आम्ही निवांत की बिल आपोआप जातंय. मेसेज यायचा पेमेंट मिळालं, धन्यवाद. सात महिन्यांनी एकदा लॅपटॉपवर पूर्ण स्टेटमेंट उघडलं तेव्हा कळलं की ऑटो-पे 'मिनिमम' वर होता, 'टोटल' वर नाही. चाळीस-बेचाळीस हजारांची बाकी चढली होती आणि त्यात सामान कमी आणि फायनान्स चार्जेस, म्हणजे व्याजाच्या, ओळीच जास्त. बँकेचं म्हणणं सही तुमचीच आहे. मी माझ्या पाटल्या गहाण ठेवून ते मिटवलं, सोनेतारणाचं व्याज त्यापेक्षा कितीतरी कमी होतं. ताई आज संध्याकाळी पहिलं काम, अ‍ॅप उघडा आणि ऑटो-पे कशावर आहे ते डोळ्यांनी बघा. प्लीज.

आणि कमी पडणाऱ्या १२ हजारांसाठी एखादी आरडी, एफडी आहे का? असेल तर मोडा. साडेसहा टक्के मिळवायला ४५ टक्के देणं म्हणजे ह्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालणं. नसेलच काही तर बँकेला फोन करून त्या रकमेचे ईएमआय करून घ्या, त्यालाही व्याज आणि प्रोसेसिंग फी असते पण असंच सोडण्यापेक्षा खूप कमी.

सांगलीचं_दुकान:

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, आमचं वडिलांपासून किराणा दुकान आहे. तुम्ही म्हणाल ह्याचा काय संबंध, आहे. कार्ड मशीनवर स्वाइप केलं की दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम आमच्यातून कापली जाते. साखर, तेल, तूरडाळ ह्यात आम्हाला सुटतातच दोन-तीन टक्के, कधी तेवढेही नाही. म्हणून बरेच दुकानदार कार्ड काढलं की दोन टक्के वर मागतात. म्हणजे तुमचा एक टक्का कॅशबॅक दुकानातच गेला आणि वर एक टक्का पदरचा. आधी विचारून घ्या. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय २०२२ मध्ये आली, त्यात छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंतच्या रकमेवर काही कापत नाहीत, म्हणून आम्ही ते घेतो, पण यादी साडेचार हजारांची झाली की गणित बदलतं. आणि सरसकट चालत नाही ते, भाजीवाल्या मावशींचा किंवा दूधवाल्याचा क्यूआर त्यांच्या साध्या खात्याचा असला तर क्रेडिट कार्डाने पैसे जातच नाहीत.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं. आमच्याकडे खात्यावर माल नेणारी पन्नासेक घरं आहेत, लाल वही आहे अजून. वहिनी येतात, यादी देतात, मी माल बांधतो आणि वही पुढे करतो. त्या वहीत मागची बाकी बघतात, मग यादीतलं एखादं खोडतात, 'ह्या वेळी तूप अर्धाच किलो दे रे'. व्याज नाही काही नाही, फक्त आकडा दिसतो समोर म्हणून हात थांबतो. यूपीआयवर कार्ड जोडलं की तो आकडा दिसत नाही. वीस रुपयांचा वडापाव, चाळीसची कोथिंबीर-मिरची, साठचा रिक्षा, सगळं टिंग टिंग करत बिलावर जातं. तुमचे सहा हजार मिक्सरमध्ये गेले असतील तसे थोडे ह्या टिंग टिंग मध्ये पण गेले असणार, स्टेटमेंटमध्ये शंभरच्या आतल्या ओळी मोजून बघा.

कोरेगाव_पार्क_नाही_कोरेगाव_सातारा:

एवढी कटकट असेल तर कार्ड बंदच करा की. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, बाकी शून्य असेल आणि तुम्ही बंद करायला सांगितलं तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे. आमच्या घरात एकही कार्ड नाही, काही अडत नाही.

दोन_खाती:

बंद करायची गरज नाही असं माझं मत, मी आठ वर्षं घरखर्च कार्डावर चालवतेय आणि एक रुपया व्याज दिलेला नाही. पण मी सुरुवातीला ताईंसारखीच अडकले होते. माझी पद्धत सांगते, जमली तर घ्या.

दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं आहे, त्याला मी घरात 'बिलाचं खातं' म्हणते. कार्ड वापरलं की त्याच रात्री, भांडी आवरून झाली की, तेवढी रक्कम पगाराच्या खात्यातून त्या खात्यात टाकते. ८४० चं सामान तर ८४०. पगाराच्या खात्यात मग खरी शिल्लक दिसते, खोटी नाही. बिलाचा ऑटो-पे त्या दुसऱ्या खात्यातून, 'टोटल' वर. बिल आलं तेव्हा पैसे तिथे बसलेलेच असतात. ताई, हे तुमचे डबेच आहेत हो, सासूबाईंनी जे केलं तेच, फक्त डबा बँकेत.

दुसरं, सगळं कार्डावर टाकू नका. गॅस, लाईट बिल, मोठा किराणा एवढंच. भाजी, दूध, रिक्षा रोख किंवा साध्या यूपीआयने. कॅशबॅकचं म्हणाल तर २२ हजारांवर एक टक्का म्हणजे २२० रुपये, त्यातही बऱ्याच कार्डांवर पेट्रोल, वीजबिल अशा गोष्टींना कॅशबॅक नसतोच किंवा त्याला मर्यादा असते. वार्षिक फी ४९९ असेल तर जीएसटी धरून ५८९ जाणार ते पण बघा. मी कार्ड ठेवलंय ते दवाखान्यासारख्या वेळेसाठी, रात्री अकराला अ‍ॅडमिट करताना काउंटरवर वीस हजार मागतात तेव्हा ते लागतं, म्हणून लिमिट मोकळं असलेलं बरं. त्या कार्डाने एटीएममधून रोख मात्र कधी काढू नका, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी.

अजून एक, टॅप करून पाच हजारांपर्यंत पिन न घालता पैसे जातात. कार्ड पाकिटासकट हरवलं तर कोणीही टॅप करेल. अ‍ॅपमध्ये टॅप आणि परदेशी व्यवहार बंद करायचं बटण असतं, मी दोन्ही बंद ठेवलेत. तुमच्या अ‍ॅड-ऑन कार्डाचं पण करा, त्याचंही बिल ह्यांच्याच नावावर येणार.

चिंचवडची_सून:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा १,३०० चा हिशोब मी वहीत उतरवून ह्यांच्यासमोर ठेवला, हे पाच मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, आरडी मोडू. दिवाळीसाठी चालू होती, १६ हजार जमले होते. आज मोडली, व्याज थोडं कमी मिळालं, चालेल. १९ मधले १९ आणि आरडीचे १२, पूर्ण ३१ हजार आजच भरले. उरले ४ हजार, त्यात महिनाअखेर काढायची.

रात्रपाळी ताई, ऑटो-पे बघितला. मिनिममवरच होता. ह्यांना आठवतपण नाही कधी निवडला ते. टोटलवर केलाय आणि स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. दुकानवाल्या दादांनी सांगितलं तसं शंभरच्या आतल्या ओळी मोजल्या, एका बिलात ६७ निघाल्या, बेरीज ३,११० रुपये. यूपीआयमधून कार्ड काढून टाकलं.

ऑक्टोबर महिना कार्ड कपाटात. त्या एका महिन्यात मागचा खड्डा भरायचा, मग नोव्हेंबरपासून फक्त गॅस, लाईट आणि मोठा किराणा, दुसऱ्या खात्याची पद्धत करून बघते. सासूबाईंना सांगितलं दूध आणि भाजीचे डबे परत काढायचेत, तर त्या म्हणाल्या मी आत ठेवलेच नव्हते. बघितलं तर फडताळात तिथेच होते, चिठ्ठ्यांसकट, आणि भाजीच्या डब्यात त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधले सातशे रुपये टाकून ठेवले होते.